औषधाच्या शेळ्या

आमच्या ताईने अठरा वर्षं दिवसातून तीनदा अंघोळ केली. एक घरी, सकाळी, चारचौघांसारखी. दुसरी कामावर आत शिरताना आणि तिसरी बाहेर पडताना. तिचं काम शेळ्यांच्या धारा काढण्याचं. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, बसच्या कारखान्यात मेकॅनिक. ते घरी आले की ग्रीसचा वास यायचा आणि ही गोठ्यातून आली की साबणाचा. "आमच्या घरात सगळं उलटंच," ते म्हणायचे, "शेळ्या राखणारी बाई फुलासारखी, आणि मी बोकडासारखा."

ताई माझी मावसबहीण. हा शब्द मी दवाखान्यातले फॉर्म भरतानाच काय तो वापरला, एरवी ती माझी ताईच. ती नऊ दिवसांची असताना तिची आई गेली. बाळंतपण सुखरूप झालं होतं. आठव्या दिवशी एक पाय सुजला. नवव्या दिवशी ती पाणी प्यायला उठली, दारापर्यंत गेली, "दम लागतोय गं" म्हणाली आणि चौकटीला धरून खाली बसली ती बसलीच. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्न व्हायचं होतं, एका शिवणाच्या दुकानात कामाला होती. तिने बाळ उचललं. ताईचे वडील काही महिन्यांनी दूरच्या एका बंदरावर कामाला गेले. पत्रं येत राहिली, ते आले नाहीत. पुढे आईने लग्न केलं तेही "पोरीसकट येईन, नाहीतर येणार नाही" असं बाबांना बजावून. ताई अकरा वर्षांची असताना माझा जन्म झाला.

आई जिभेने तिखट आणि हाताने मऊ. खालच्या खोलीत तिचं स्वतःचं मशीन होतं. कपडे दुरुस्त करणं, उसवणं, बेतणं असं दिवसभर चालायचं. मोजपट्टी कायम गळ्यात. जेवायला बसतानाही ती काढायची नाही. ताईने तिला जन्मभर मावशीच म्हटलं, कारण आईनेच तसं शिकवलं होतं. "तुझी आई ती. मी तिची जागा राखते आहे," असं ती सांगायची.

ताई तेवीस वर्षांची असताना बुटांच्या दुकानात विक्रीच्या कामाला होती. तिथल्या पायरीवर तिचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढलं तर आतला पाय ओंडक्यासारखा सुजलेला आणि निळसर. मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. रुग्णालयात रक्त गोठू नये म्हणून देतात ती इंजेक्शनं सुरू झाली. रोज डोस वाढवत गेले, पण रक्त काही ऐकेना. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई खालच्या मजल्यावरून स्वतः वर आल्या आणि ताईच्या कॉटवर बसल्या.

"मुली, तुझी आई कशी गेली?"

ताईने सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या रक्तात त्याला गोठवणारी काही एन्झाइम असतात. जखम झाली की ती धावून येतात. नसती आली तर सुई टोचली तरी माणूस रिकामा होईल. पण त्यांना 'आता पुरे' म्हणणारंही कुणीतरी लागतं. ते एक प्रथिन असतं. मला वाटतं तुझ्यात ते कमी आहे. आम्ही देतोय ते इंजेक्शन त्या प्रथिनाच्याच हाताने काम करतं. हातच अपुरे, तर इंजेक्शन बिचारं काय करणार?"

तपासणीत तसंच निघालं. ताईच्या रक्तात ते प्रथिन निम्म्याच्या आसपास होतं. बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढून घराची वंशावळ मांडली, ताईच्या आईच्या गोलावर फुली मारली आणि आमच्या आईच्या गोलात प्रश्नचिन्ह काढलं. माझ्याही. "घरातल्या सगळ्यांनी एकदा रक्त तपासून घ्या," असं खाली लिहिलं.

मी तेव्हा बारा वर्षांची. ताई काठी टेकत घरी आली, तिने तो कागद आईसमोर ठेवला, तो क्षण मला चांगला आठवतो. आईने तो मशीनवरच वाचला, पायडलवरचे पाय न हलवता.

"माझी बहीण बाळंतपणात गेली," आई म्हणाली. "बाळंतपणात बायका जातात. त्यात रक्ताची खोट कुठून काढली?"

"मावशी, खोट नाही गं. कमी आहे, एवढंच."

"माझ्या मुलीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढणारी ती कोण?"

कागद घडी होऊन ताईकडे परत गेला. विषय तिथेच मिटला.

ताई गोळ्या घेऊ लागली. पंचविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. भाऊजींना तिने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी रोज अडलेली इंजिनं बघतो. तुझं कुठे अडतं ते निदान माहीत तरी आहे." सत्ताविसाव्या वर्षी तिला दिवस गेले. डॉक्टरांपुढे पेच होता. बाळंतपणाच्या वेळी रक्त पातळ ठेवावं तर रक्तस्राव व्हायची भीती, औषध थांबवावं तर गुठळीची. मधले ते काही दिवस कसे काढायचे? त्या वेळी एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. जे प्रथिन ताईच्या रक्तात कमी होतं, तेच बाहेर तयार करून थेट शिरेतून द्यायचं. ताईने सही करण्याआधी विचारलं, "हे कुणाच्या रक्तातून काढतात?"

"रक्तातून नाही," डॉक्टर म्हणाले. "शेळीच्या दुधातून."

ताई हसायला लागली. तिला वाटलं, घाबरलेल्या बाईला हसवायला सांगतायत. पण ते खरंच होतं. माणसाच्या शरीरात हे प्रथिन बनवण्याची जी सूचना असते, ती शेळीच्या गर्भात अगदी सुरुवातीलाच घालायची. करडू मोठं होतं, दिसतं शेळीसारखं, चरतं शेळीसारखं. फक्त ते व्यालं, दूध द्यायला लागलं, की दुधात माणसाचं ते प्रथिन उतरतं. मग दूध गाळून, कितीतरी वेळा शुद्ध करून ते वेगळं काढतात.

सहा दिवस ताईच्या हाताला ती नळी होती. मुलगी झाली. ताई नवव्या दिवशी उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. दहाव्या दिवशी पण. ती सांगते, "त्या नऊ दिवसांत मी देवाचा नाही, शेळीचा विचार केला. म्हटलं, कोण असेल बाई ती? तिला माहीत तरी आहे का?"

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा ताई त्या शेळ्यांच्या फार्मवर कामाला लागली. फार्म शहरापासून बसने तासाभरावर. तिथे झाडलोटीला माणूस हवा होता. गोठ्याचे मुख्य म्हणून एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी विचारलं, "शेळ्यांचा काही अनुभव?"

"आहे," ताई म्हणाली. "शिरेतून."

साहेबांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि तिला स्वतः आत गोठा दाखवायला घेऊन गेले. अर्थात आधी अंघोळ करून.

तिथे सगळंच निराळं. बाहेरचे कपडे काढायचे, केस धुवून अंघोळ, आतला पांढरा अंगरखा, आतलेच गमबूट, दारात औषधी पाण्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवायचे. बाहेरचा रोग आत येऊ नये आणि आतलं काही बाहेर जाऊ नये. दुहेरी कुंपण. शेळ्या कधी मोकळ्या रानात गेल्या नाहीत. सुकं गवत आणि गोळीपेंड, तेही तपासून आलेलं. प्रत्येकीच्या कानात नंबर. ताई वर्षभर झाडत होती, मग तिला धारांवर घेतलं. एका वेळी बारा शेळ्या लाकडी ओट्यावर चढायच्या, माना चौकटीत अडकवून पेंड खायला लागायच्या. आधी सड पुसून प्रत्येक सडाची पहिली धार हाताने एका काळ्या वाटीत घ्यायची. दुधात गाठ दिसली, पाणचट वाटलं, तर त्या शेळीचं दूध वेगळं. ठीक असेल तर यंत्राचे कप लावायचे. दूध पाइपातून थेट थंड टाकीत.

काळ्या वाटीवर ताईची नजर अशी बसली की प्रयोगशाळेच्या अहवालाआधी ती सांगायची. "एकशेचाळीसची कास आज उजवीकडे गरम लागतेय." दुसऱ्या दिवशी अहवालात तेच यायचं. साहेबांनी मग नियमच केला, ताईने बाजूला काढलेली शेळी कुणी परत रांगेत घ्यायची नाही. नावं ठेवायला बंदी होती, पण एकशेचाळीसला सगळे चोरून सासूबाई म्हणत. दूध भरपूर द्यायची, पण रोज कुणाला तरी लाथ मारल्याशिवाय नाही.

शेजारीपाजारी कुतूहल. कुणाला गुडघ्यासाठी थोडं दूध हवं असायचं, कुणाला सासऱ्यांच्या दम्यासाठी. "औषधी शेळ्या ना तुमच्या? एवढुशी बाटली आण." ताई सगळ्यांना एकच सांगायची, "ते दूध प्यायला नसतंच. एक थेंबही बाहेर येत नाही. खराब झालं तर जाळून टाकतात." लोक म्हणायचे, बाई पक्की आहे, कुणाला ताकास तूर लागू देत नाही. भाऊजींनी एक कोटी करून ठेवली होती, ती ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत: "हिच्या गोठ्याचं वैशिष्ट्य काय, तर तिथे काही गोठत नाही!"

दर वर्षी ताई माझ्याकडे एकदा विषय काढायची. "रक्त तपासून घे गं." मी टाळायची. आधी आईचं नाव पुढे करून, मग परीक्षेचं, मग नोकरीचं. खरं कारण असं की मला काही होत नव्हतं, आणि जे होत नाही त्याचा कागद कशाला हवा? माझं लग्न ठरलं तेव्हा ताई घरी आली आणि म्हणाली, "आता तरी. आणि त्यालाही सांग." आई शेजारच्या खोलीत होती. ती बाहेर आली.

"तुला मी नऊ दिवसांची उचलली," आई म्हणाली, "ती काय माझ्या पोरीचं लग्न मोडायला?"

 ताईने पिशवी उचलली आणि गेली. लग्नाला आली, मागच्या खुर्चीवर बसली, जेवली, मला जवळ घेतलं. पण त्यानंतर दोन वर्षं ती आमच्या घराची पायरी चढली नाही आणि आई तिच्या. मी फोन करायची. दोघी एकमेकींची खुशाली माझ्याकडून काढून घ्यायच्या. "तिचं काय चाललंय?" असं विचारायच्या. नाव घ्यायच्या नाहीत.

एकोणतिसाव्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात डावा पाय जड वाटायला लागला. पायांना सूज तर सगळ्यांनाच येते, असं मीही म्हटलं, नवराही म्हणाला. आई रोज दुपारी माझ्याकडे यायची. तिने पाहिलं, पायाखाली उशी दिली. दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा पाहिलं. त्या दिवशी ती चहा न घेताच उठली.

ती कुठे गेली ते मला नंतर ताईकडून कळलं. त्या दिवशी ताईची सुट्टी होती. दाराची घंटा वाजली. दारात आई, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. दोन वर्षांनी.

"पाणी?" ताई म्हणाली.

"पाणी नको. हा घे." आईने डबा पुढे केला. "मला थोडं दूध हवंय. तुझ्या शेळ्यांचं. पेलाभर पुरे."

ताई म्हणते, तिला तेव्हा आधी राग आला, मग तो कुठे गेला कळलंच नाही, कारण आईच्या हातून डब्याचं झाकण काही केल्या नीट बसेना. जन्मभर सुईत दोरा एका झटक्यात ओवणारा हात तो.

"कुठला पाय?" तिने विचारलं.

"डावा."

"कधीपासून?"

"चार दिवस. दूध दे ना गं. मी तिला काही सांगणार नाही. चहात घालून देईन."

"मावशी, बस आधी." ताईने तिला खुर्चीत बसवलं. "मी ते दूध चोरून आणलं ना, तरी त्याचा उपयोग नाही. प्यायलं की पोट ते पचवून टाकतं. अंडं खाल्लं काय आणि ते प्यायलं काय, पोटाला सारखंच. ते शुद्ध करून शिरेतूनच द्यावं लागतं. आणि ते द्यायचं की नाही, हे आधी रक्त बघून ठरतं."

"म्हणजे देणार नाहीस."

"दूध देणार नाही. तुझ्याबरोबर येते."

 आई इतक्या हळू बोलली की ताईला पुढे वाकावं लागलं. "ते माझ्यातून गेलं असेल तर? माझ्या रक्तातून, तिच्यात?"

"गेलं असेल."

"तोंड कसं दाखवू तिला?"

"मावशी," ताई म्हणाली, "माझ्या आईने मला हेच दिलं. मी तिच्यावर कधी रागावले का?"

दोघी तशाच निघाल्या. डबा ताईच्या टेबलावर राहिला.

मी दार उघडलं तर दोघी शेजारी शेजारी उभ्या. मला रडूच फुटलं. ताईने रडायला वेळ दिला नाही. मला कॉटवर बसवलं आणि आईकडे वळून म्हणाली, "मोज."

आईने गळ्यातली मोजपट्टी काढली. उजवी पोटरी मोजली. डावी मोजली. पुन्हा डावी मोजली. "साडेचार सेंटिमीटर जास्त," ती म्हणाली. आयुष्यात आईने डॉक्टरांचं, शेजारणींचं, बाबांचंही ऐकलं नसेल, पण तिच्या मोजपट्टीपुढे तिचं काही चालायचं नाही. ती उभी राहिली. "चल," मला म्हणाली, "चपला घाल. नको, थांब, मी घालते."

रुग्णालयात सोनोग्राफी झाली. मांडीपर्यंत गुठळी होती. तरुण डॉक्टर होता, हुशार, घाईत. त्याने इंजेक्शन लिहून दिलं आणि निघाला. ताई त्याच्या वाटेत उभी राहिली.

"डॉक्टर, इंजेक्शन सुरू करायच्या आधी तपासायला रक्त काढून ठेवा. आमच्या घरात हे इंजेक्शन लागू पडत नाही."

"तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. शेळ्यांच्या धारा काढते."

त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आलं. ताईने पर्समधून कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला, पारदर्शक पट्टीने चिकटवलेला. सतरा वर्षांपूर्वीचे चौकोन आणि गोल. त्याने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्ची ओढून बसला. माझ्या गोलातलं प्रश्नचिन्ह त्याने बोटाने दाखवलं. "या तुम्ही?"

"हो, ती मी," मी म्हटलं.

"आणि या?" त्याने वरच्या गोलावर बोट ठेवलं.

"मी," आई म्हणाली. "माझंही रक्त घ्या."

माझं प्रथिन शेकडा चव्वेचाळीस निघालं. आईचं शेकडा एक्कावन्न. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा घाईत नव्हता. त्याने ताईला विचारून विचारून सगळं लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही थांबवलं नसतं तर मी चार दिवस नुसता डोस वाढवत बसलो असतो."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "माझ्या वेळी तेच केलं होतं."

पुढचे दोन महिने रक्त पुन्हा पुन्हा तपासून बेतलेल्या इंजेक्शनांत गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही आणि ते किती चांगलं होतं हे मला आता कळतं. प्रसूतीच्या आदल्या दिवशी ते प्रथिनाचं औषध लावलं. लहानशा काचेच्या बाटल्या. आत पांढरी भुकटी, तिच्यात पाणी घालून नर्स बाटली हळूहळू फिरवायची. "हलवायची नाही, फेस होतो," ती म्हणाली. ताई शेजारी बसली होती, म्हणाली, "आमच्याकडेही फेस चालत नाही."

मी विचारलं, "ताई, हे सासूबाईचं असेल का?"

"वेडी आहेस. शेकडो शेळ्यांचं दूध एकत्र होतं, मग महिनोन्‌महिने शुद्ध होत राहतं. कुणाचं कोण ते कुणालाच सांगता यायचं नाही." मग थोड्या वेळाने, "थोडं असेल. तिचं दूधच जास्त असायचं."

मुलगा झाला. आई पहिले दहा दिवस माझ्या उशाशी होती. माझी पोटरी सकाळ-संध्याकाळ मोजायची आणि आकडे कपड्यांच्या मापाच्या वहीत लिहायची, गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेच्या मापांखाली. मला वाटलं, दहा दिवस झाले की ती सुटेल. पण अकराव्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन बसली असताना तिने एकदम विचारलं, "माझ्या बहिणीला झालं आणि मला का नाही? दोघींचं रक्त एकच होतं ना?"

डॉक्टरांनाही तिने विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, ज्यांच्यात हे कमी असतं त्या सगळ्यांनाच गुठळी होते असं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. आईला ते उत्तर पटलं नाही. तिने नंतरही बऱ्याच जणांना विचारलं. ताईला विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "तुला झालं असतं तर मला कुणी उचललं असतं?" हे उत्तर नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. पण आई त्यानंतर थोडी निवांत झाली.

मुलगा सहा महिन्यांचा झाल्यावर त्याचं रक्त तपासलं. त्याच्यातही कमी आहे. मी पाकीट उघडताना आई समोर होती. तिने कागद हातात घेतला, वाचला आणि या खेपेला फाइलमध्ये लावला.

ताईने फार्मवर आणखी नऊ वर्षं काढली. मग कंपनीने ते औषध बनवणं थांबवलं. अशी माणसंच कमी, खप कमी, आणि माणसाच्या रक्तापासून काढलेलं तेच प्रथिन मिळतच होतं. गोठा बंद करायचं ठरलं. त्या शेळ्या बाहेर कुणाला देता येत नव्हत्या, विकता येत नव्हत्या. त्यांना कायमचं झोपवायचं, असा नियमच होता आणि ताईला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. साहेबांनी तिला सांगितलं, "शेवटच्या आठवड्यात तुम्ही नाही आलात तरी चालेल." ती गेली. नेहमीच्या वेळेला अंघोळ करून आत शिरली, काळी वाटी घेतली, दूध टाकून द्यायचं होतं तरी प्रत्येक सडाची पहिली धार पाहिली. घरी आली तेव्हा भाऊजींनी काही कोटी केली नाही. दोघं बाल्कनीत बसली. ताई एवढंच म्हणाली, "उगाच उपाशी किंवा भरल्या कासेने गेली नाही कुणी." 

महिनाभर ती घरात नुसती बसून होती. मग एके दिवशी आईकडे आली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या आईला भावंडं किती होती?"

आई एकाहत्तर वर्षांची. पण नातं म्हटलं की तिची वही तोंडपाठ. दोघींनी मोठा कागद पसरला. आईच्या आजोळची एक शाखा तीस वर्षांत भेटलेली नव्हती, दुसरीशी कसल्याशा जुन्या भांडणामुळे बोलणं नव्हतं. ताईने पत्ते शोधले. काहींना पत्र, काहींना फोन. जे उत्तर देत नव्हते त्यांच्या दारात ती स्वतः गेली.

एकदा मी तिच्याबरोबर होते. दोन बस बदलून आम्ही एका चौथ्या मजल्यावरच्या घरी पोचलो. आईच्या मामेभावाचं घर. ते म्हातारे, कानाने कमी, त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. आम्ही काही विकायला आलो आहोत असंच तिला वाटत होतं.

ताईने नातं सांगितलं. म्हाताऱ्यांना ते लागायला वेळ लागला. मग ओळख पटली, पाणी आलं, चहा आला. कोण कुठे असतं, कोण गेलं, याच्या गप्पा झाल्या. ताईला घाई नसते. चहा संपल्यावर तिने कप खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, जरा मोठ्याने, विचारलं, "मामा, तुमच्या घरात कुणाचा पाय सुजला होता का कधी? एकच पाय?"

 म्हाताऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. सून दारातून पुढे आली, समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्या नणंदेचा. का हो?"

ताईने पर्स उघडली.